तिन्हीसांजेचे रडे

वसई रोड ते विरार या पट्ट्यात लहान मुलांचा दवाखाना चालवणाऱ्या कोणालाही विचारा, संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत एक तरी बाळ दीड-दोन महिन्यांचे असते. त्याला ताप नसतो, खोकला नसतो, जुलाब नसतात. वजन छान वाढलेले असते. तक्रार एकच. रडते. दिवसभर ठीक असते, दिवेलागणीला सुरुवात होते ती रात्री अकरा-बारापर्यंत. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, पोट कडक. अंगावर घेतले की दोन घोट पिते आणि तोंड फिरवते. सोबत आई असते, बहुधा आजी असते. बाप क्वचित असतो, कारण तो त्या वेळी अंधेरी आणि भाईंदरच्या मध्ये कुठेतरी विरार लोकलच्या दारात लटकलेला असतो. गंमत अशी, की रिक्षाच्या धक्क्यांनी बाळ वाटेतच झोपी जाते आणि माझ्यासमोर येते तेव्हा एखाद्या साधूसारखे शांत असते. मग आईच ओशाळून सांगते, ‘‘डॉक्टर, आत्तापर्यंत रडत होता हो.’’

या भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करायला लागले त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, वाड्यांच्या जागी सात-सात मजल्यांच्या इमारती आल्या. संध्याकाळचे हे बाळ मात्र तेव्हाही येत होते आणि आजही येते. बदलली ती त्याच्यासोबत येणारी पिशवी. पूर्वी तिच्यात फार तर ग्राइप वॉटरची बाटली असे. आता तिच्यातून चार-चार बाटल्या निघतात : पोटदुखीचे थेंब, गॅसचे थेंब, उलटीचे थेंब आणि ‘अ‍ॅसिडिटी’चे औषध. दीड महिन्याच्या, आईच्या दुधाखेरीज काही न चाखलेल्या जिवाला अ‍ॅसिडिटी! माझे मत आता पक्के झाले आहे. या बाळांपैकी फारच थोडी आजारी असतात आणि औषध मात्र बहुतेकांना मिळते. ते बाळाला लागते म्हणून नव्हे, घरात कोणाला तरी काहीतरी केल्याचे समाधान लागते म्हणून.

पोट दुखून रडणाऱ्या बाळाची ओळख आपल्या वैद्यांना फार जुनी आहे. कश्यपसंहितेत ‘वेदनाध्याय’ नावाचा एक अध्यायच आहे. ज्याला बोलता येत नाही त्याला कुठे दुखते हे कसे ओळखावे, हा त्याचा विषय. पोटशूळ असलेले बाळ स्तन ढकलून देते, रडते, उताणे पडते, त्याचे पोट ताठ होते, अंग गार पडते आणि तोंडावर घाम येतो, असे त्यात सांगितले आहे. आजची आई माझ्यासमोर जे सांगते ते याहून फारसे निराळे नसते.

आधुनिक वैद्यकाने त्याला ‘कॉलिक’ म्हटले. अमेरिकेतील न्यू हेवनचे डॉ. मॉरिस वेसेल यांनी १९५४ साली तीनाचा नियम मांडला : अन्यथा निरोगी बाळ दिवसात तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीन दिवसांहून अधिक, असे तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल तर त्याला कॉलिक म्हणावे. हा नियम सुटसुटीत म्हणून जगभर चालला. पण घड्याळ लावून रडे मोजणारी आई मी अजून पाहिलेली नाही, आणि तीन आठवडे थांबून मग डॉक्टरकडे येणारी तर नाहीच. २०१६ साली पोटाच्या अशा तक्रारींचे जागतिक निकष नव्याने ठरवले गेले, तेव्हा दवाखान्यातील निदानासाठी तासांची ही अट काढून टाकण्यात आली. पाच महिन्यांच्या आतले बाळ, उघड कारणाशिवाय वारंवार आणि दीर्घ वेळ रडणे, घरच्यांनी काहीही केले तरी न थांबणे, आणि आजाराचे वा वजन न वाढण्याचे कोणतेही लक्षण नसणे, एवढे पुरे.

याहून महत्त्वाची गोष्ट १९६२ साली डॉ. बेरी ब्रेझल्टन यांनी दाखवली होती. त्यांनी ऐंशी निरोगी बाळांच्या आयांना रोजनिशी लिहायला सांगितली. त्यातून दिसले की चांगली, धडधाकट बाळेही रडतात आणि भरपूर रडतात. दुसऱ्या आठवड्यापासून रडे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठते आणि मग उतरू लागते. शिखरावर असताना सर्वसाधारण बाळ दिवसाला पावणेतीन तास रडत होते, आणि त्यातले बरेचसे संध्याकाळी. म्हणजे ज्याला आपण रोग म्हणतो तो पुष्कळदा या सर्वसाधारण चढउताराचा वरचा भाग असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्येही हे शिखर जन्मतारखेवरून नव्हे, तर मूळ अपेक्षित तारखेवरून मोजले तर सहाव्या आठवड्यालाच येते. मेंदूच्या वाढीशी त्याचा संबंध असावा असे मानायला हा एक मोठा आधार आहे.

‘ही सगळी विलायती मुलांची थेरं,’ असे एका आजींनी मला सुनावले होते. त्यांच्यासाठी सांगायचे तर कॅनडातील डॉ. रोनाल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिका खंडातील कुंग सान या भटक्या जमातीतील बाळांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध केला. ही बाळे दिवसभर आईच्या अंगाला बांधलेली असतात, रडताच उचलली जातात, तासाला अनेकदा पाजली जातात. तीही पहिल्या तीन महिन्यांत अधिक रडतात. फरक एवढाच, की त्यांचे प्रत्येक रडणे थोडक्यात आटोपते. कडेवर घेण्याचा उपयोग आहे. पण रडे समूळ काढून टाकणारी कडेवरची बैठक कोणालाही सापडलेली नाही.

मग पोटात गॅस असतो त्याचे काय? रडणारे बाळ हवा गिळते. ती पोटात जाते आणि खालून बाहेर पडते. म्हणून गॅस पुष्कळदा रड्याच्या मागून येतो. घरचे लोक मात्र त्याला पुढे उभे करतात. यातून शिक्षा होते ती आईला. वाल नको, चवळी नको, बटाटा नको, कोबी तर नाहीच. ‘वातूळ’ पदार्थांची यादी इतकी लांबते की बाळंतीण शेवटी मेतकूट-भातावर येते. आईने खाल्लेल्या वालातला वात दुधातून बाळाच्या पोटात शिरत नाही. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते. त्यांच्या शीत रक्ताचा अंश वा चीक दिसू शकतो, अंगावर पुरळ असतो. अशा वेळी आईने दोन-चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ सोडून पाहणे योग्य ठरते, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. पण चांगल्या वाढणाऱ्या प्रत्येक बाळासाठी आईला उपाशी ठेवण्याचा परवाना कोणी दिलेला नाही.

रडणाऱ्या बाळाला गप्प करण्याचा इतिहास मात्र वाचण्याजोगा आहे, आणि तो आपल्या मुंबईशी चांगलाच जोडलेला आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामकरी स्त्रियांची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंची सरकारने नेमणूक केली होती. त्यांनी नोंदवले, की या बायकांच्या बहुतेक सगळ्या तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. तिला म्हणत ‘बाळागोळी’. आई पाळीवर जाताना गोळी चाटवून जायची, पोर चाळीतल्या खोलीत निपचित पडून राहायचे. त्या आया निष्ठुर नव्हत्या. पाळणाघर नव्हते, रजा नव्हती, मालक थांबत नव्हता. विलायतेतही याच काळाच्या आधी मॉर्फिन घातलेली ‘शांतिदायक’ सरबते बाळांना सर्रास पाजली जात होती. बाळ गप्प झाले म्हणजे बरे झाले, हा समज दोन्हीकडे सारखाच होता.

ग्राइप वॉटरची गोष्ट थोडी सौम्य आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे औषधविक्रेते विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ साली ते बनवले. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात बाळांना येणाऱ्या तापावर जे मिश्रण देत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. त्यात शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि ३.६ टक्के मद्यार्क होता. बाळ का शांत होत असेल, हे वेगळे सांगायला नको. ब्रिटनमध्ये हा मद्यार्क १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काढला गेला. आपल्याकडच्या बाटल्यांवरही आता मद्यार्क नसल्याचे छापलेले असते. उरले शेपूचे तेल आणि गोडी. मौज अशी, की शेपू ही आपल्याकडे बाळंतिणीची भाजी आणि बाळंतशोपा हा तिचा मुखवास. जी गोष्ट आपण आईला देत होतो, तीच साहेबाने बाटलीत भरून बाळाला दिली, आणि आपण ती पिढ्यान्‌पिढ्या विकत घेतो आहोत. तिचा फार अपाय होत नाही; पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको असे आपण सांगतो, त्यात हे चमचे कुठे बसतात?

बाळगुटीचेही तेच. सहाणेवर हिरडा, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, अतिविष यांचे एक-दोन वेढे आईच्या दुधात उगाळून देणाऱ्या आजीशी मी वाद घालत नाही, कारण ती बाळाला मांडीवर घेऊन अर्धा तास बसते आणि ते त्या गुटीपेक्षा गुणकारी असते. पण तीन गोष्टी मी स्पष्ट सांगते. सहाण आणि पाणी यांची स्वच्छता टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात राखणे कठीण आहे. मध वर्षाच्या आत नको, कारण त्यातून बाळाला बोटुलिझम नावाचा घातक विषबाधेचा आजार होऊ शकतो. आणि हिंग बेंबीभोवती लावायचे असेल तर लावा, पाजू नका. पाच आठवड्यांच्या बाळाला हिंग पोटात दिल्याने रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटल्याची नोंद वैद्यकात आहे.

यापुढची पायरी भीषण आहे. मेळघाटात पोट फुगले म्हणून तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याचे प्रकार अजूनही घडतात. फेब्रुवारी २०२५मध्ये अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाला असे पासष्ट चटके दिल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली आणि हळहळलो. शहरातले सुशिक्षित लोक अशा बातम्या वाचून ‘काय ही अंधश्रद्धा!’ म्हणतात. त्यांच्यासाठी डायसायक्लोमाइन या औषधाची गोष्ट सांगते.

हे आतड्यांची पकड सैल करणारे औषध. कॉलिकवर झालेल्या प्रयोगांत खरोखर रडे कमी करणारे असे बहुधा हे एकच. म्हणूनच ते जगभर दिले गेले. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याचे दुसरे रूप समोर आले. काही बाळांचा श्वास थांबला, काहींना झटके आले, काही बेशुद्ध झाली, काही दगावली. तेव्हापासून सहा महिन्यांखालील बाळांना ते वर्ज्य आहे. कॉलिक तर चौथ्या महिन्यापर्यंत संपते. म्हणजे ज्या वयात ते हवेसे वाटते, नेमक्या त्याच वयात ते चालत नाही. तरीही स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात ‘बाळ रडते, पोटदुखीचे थेंब द्या’ म्हटले की पुष्कळदा हेच हातात पडते. चिठ्ठी कोणी विचारत नाही. बाटलीवरची सूचना इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. चटक्याची खूण पोटावर दिसते म्हणून आपल्याला ती रानटी वाटते. थेंबांची खूण दिसत नाही.

गॅसच्या थेंबांत जे सिमेथिकोन असते ते निरुपद्रवी आहे. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक प्रयोगात ते साध्या पाण्यासारख्या द्रवाहून सरस ठरले नाही. अलीकडे उपकारक जिवाणूंचे थेंब आले आहेत. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जातीचा काही उपयोग अंगावर पिणाऱ्या बाळांत दिसला आहे, वरच्या दुधावरच्या बाळांत नाही, आणि मेलबर्नच्या २०१४च्या मोठ्या प्रयोगात तोही दिसला नाही. परवडत असेल आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर द्यावे. पुढे.

आता ‘रिफ्लक्स’. हा शब्द आमच्याकडच्या आयांच्या तोंडी आला तो मोबाइल फोनमधून. बाळ दूध टाकते, गुळणी काढते, हे आपल्या घरांतून शतकानुशतके चालत आले आहे. खांद्यावर धुतलेला पंचा टाकूनच बाळाला घ्यायचे असते, हे आजोबांनाही ठाऊक असे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप अधूनमधून आपोआप सैल पडते. मोठ्यांचीही पडते. पण बाळाची अन्ननलिका आखूड, आहार सगळा पातळ आणि मुक्काम दिवसभर आडवा. शिवाय प्रमाण पाहा. बाळ दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे दीडशे मिलिलिटर दूध पिते. या हिशेबाने साठ किलोच्या माणसाने दिवसाला नऊ लिटर प्यायला हवे. आपण नऊ लिटर पिऊन आडवे झालो तर काय होईल?

शिकागो परिसरातील बाळांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पहिल्या तीन महिन्यांत निम्मी बाळे दिवसातून किमान एकदा दूध टाकत होती, चौथ्या महिन्यात सदुसष्ट टक्के, आणि दहा ते बारा महिन्यांत फक्त पाच टक्के. म्हणजे हाही आपणहून उतरणारा चढ. जे बाळ दूध टाकते, हसते, पुन्हा पिते आणि वजनाने वाढते, त्याची काळजी आईने नव्हे, धोब्याने करावी. पाजल्यावर वीस-तीस मिनिटे उभे धरावे, एकदम भरपूर पाजण्याऐवजी थोडे थोडे पाजावे, बाटली असेल तर तिच्या बुचाचे भोक फार मोठे नाही ना ते पाहावे. झोपवायचे मात्र पाठीवरच. पालथे झोपवल्याने दूध कमी वर येते हे खरे. पण झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो, आणि त्या तुलनेत चार दुपटी भिजली तर बिघडत नाही.

खरी गफलत इथून पुढे होते. दूध टाकणे आणि रडणे ही दोन्ही एकाच वयाची लक्षणे. ती एकाच बाळात दिसतात तेव्हा कोणी तरी धागा जोडते : आम्ल वर येते, जळजळते, म्हणून रडते. तर्क देखणा आहे. तो तपासलाही गेला. अमेरिकेतील डॉ. सुझन ओरेन्स्टाइन यांच्या गटाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रिफ्लक्सची लक्षणे असलेल्या १६२ बाळांपैकी अर्ध्यांना आम्ल रोखणारे लॅन्सोप्राझोल आणि अर्ध्यांना औषधाविना नुसता द्रव दिला. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच, चौपन्न टक्के. मात्र औषध घेतलेल्या गटात गंभीर दुष्परिणाम, विशेषतः छातीचे संसर्ग, अधिक आढळले. जठरातले आम्ल जंतूंनाही रोखते, हे आपण विसरतो. २०१८च्या युरोप-अमेरिकेच्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्टच सांगितले, की निरोगी बाळाच्या दूध टाकण्यावर किंवा रडण्यावर आम्लविरोधी औषध देऊ नये.

या औषधांचा मागचा प्रवासही काही अभिमानाचा नाही. नव्वदच्या दशकात बाळांच्या रिफ्लक्सवर सिसाप्राइड दिले जाई. हृदयाची लय बिघडवते म्हणून अमेरिकेत ते २००० साली बाजारातून गेले, आपल्याकडे बंदी यायला २०११ उजाडले. रॅनिटिडीन तर घरोघरी होते. कर्करोगजन्य अंशाच्या संशयावरून २०२०मध्ये अमेरिकेने ते मागे घ्यायला लावले आणि २०२२ साली ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळले गेले. ज्या तक्रारीला वेळ हेच उत्तर आहे, तिच्यावर आम्ही डॉक्टर मंडळी एकामागून एक बाटली का लिहितो? कारण समजावून सांगायला वीस मिनिटे लागतात आणि चिठ्ठीला दोन. बाहेर तीस रुग्ण खोळंबलेले असतात. शिवाय नुसते बोलून पाठवले तर ‘पैसे घेतले आणि औषध काहीच दिले नाही’ अशी कुजबूज सोसायटीत होते. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही.

पण सगळेच रडे सारखे नसते, आणि या लेखाचा कोणी ‘रडू द्या, काही होत नाही’ असा अर्थ काढू नये. हिरवी उलटी झाली तर पंचा बदलत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. हिरवा रंग पित्ताचा. आतडे पिळवटले असेल तर त्याचा रक्तपुरवठा काही तासांत तुटतो. बाल-शल्यचिकित्सकासाठी इथून पुष्कळदा परळच्या वाडिया रुग्णालयापर्यंत जावे लागते, आणि महामार्गावर वरसाव्याची कोंडी काय असते हे वाचकांना सांगायला नको. जुलै २०१८मध्ये तर पावसाने रेल्वेही बंद पडली होती. म्हणून ‘सकाळी बघू’ हे शब्द या एका रंगासाठी वापरू नयेत. तीन ते सहा आठवड्यांचे बाळ, बहुधा मुलगा, प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखी लांब उलटी करत असेल आणि लगेच भुकेने पुन्हा चोखायला लागत असेल, तर जठराचे खालचे दार जाड होऊन अडलेले असू शकते. त्यावरची शस्त्रक्रिया जर्मनीच्या रामस्टेटने १९१२ साली प्रसिद्ध केली, आणि आजही मूळ तीच केली जाते. बाळ ठणठणीत होते.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असणे, शीतून रक्त, फुगून ताणलेले पोट, टाळू वर आलेली, लघवी कमी झालेली, वजन न वाढणे, दूध ओढायची ताकदच नसणे, रडे क्षीण वा कण्हल्यासारखे होणे, यांतले काहीही असेल तर ते कॉलिक नव्हे. आणि पूर्वी शांत असलेले बाळ एकाएकी किंचाळायला लागले तर त्याला पूर्ण उघडे करून पाहावे. जांघेत गाठ आहे का? हाता-पायाच्या बोटाला आईचा लांब केस गुंडाळला जाऊन बोट काळेनिळे तर पडले नाही? बाळंतपणानंतर केस फार गळतात, आणि तो एक केस मोज्याच्या आत दिसत नाही. अशा वेळी पोटदुखीच्या थेंबांनी काय साधणार?

आता राहिली आई. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा रुग्ण बहुतेक वेळा तीच असते. पूर्वी वसईच्या वाडीतल्या घरात बाळ फिरवायला सहा हात असत. आज नालासोपाऱ्याच्या दीड खोलीत ती एकटी असते. माहेर कोकणात, सासर जळगावात किंवा उत्तर प्रदेशात. नवरा पहाटेच्या गाडीला जातो, रात्री दहाला येतो, त्यालाही झोप हवी असते. भिंतीपलीकडून शेजारी ठोकतात. ‘तुला दूधच पुरत नसेल’ हे वाक्य तर दिवसातून तीनदा ऐकायला मिळते, आणि त्यातून पावडरीचा डबा घरात येतो. या डब्यांच्या जाहिरातीवर १९९२च्या कायद्याने बंदी आहे. पण जाहिरातीचे काम सासूबाई, मावशी आणि शेजारीण फुकटात करतात. बाटली आली की अंगावरचे दूध खरोखरच आटू लागते, आणि बाळ रडतच राहते.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तेवीस टक्के आया नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या. मुलगी झालेल्यांत आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्यांत धोका जास्त होता. सहा ते आठ आठवडे! म्हणजे बाळाच्या रड्याचे शिखर आणि आईचा खोल खड्डा एकाच आठवड्यात. बाळाला रागाच्या भरात गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो, आणि अशा घटनांचे वयही रड्याच्या चढाच्या मागोमाग येते, हे बार यांच्याच गटाने २००६ साली दाखवले आहे. म्हणून मी प्रत्येक आईला सांगते : डोके फिरायला लागले तर बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी ठेव, दार ओढून घे आणि दहा मिनिटे बाहेर व्हरांड्यात उभी राहा. रडून बाळ मरत नाही. हे वाक्य ऐकून कित्येक बायका माझ्यासमोर रडल्या आहेत, बाळ मात्र झोपलेले.

मला या बाबतीत एक साधी मागणी करायची आहे. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात असतो. म्हणजे रड्याच्या ऐन शिखरावर जवळपास प्रत्येक बाळ आरोग्यकेंद्रात येते. त्या रात्री ते रडले की खापर लशीवर फुटते आणि दुसरा डोस चुकतो. त्याच्याही आधी, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घडवलेल्या नमुन्यावरून देशभर सुरू झालेल्या योजनेत आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येऊन बाळ तपासते. वजन करते, तापमान घेते, अंगावरच्या दुधाचे विचारते. तिने एकविसाव्या दिवशी आणखी दोन प्रश्न विचारावेत. बाळ संध्याकाळी रडायला लागले का? आणि तू किती तास झोपतेस? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नवऱ्याच्या देखत घ्यावे. त्याला सांगावे, की दीड महिन्यापर्यंत हे वाढेल, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरेल, तोवर गाडीतून उतरल्यावर रात्री दहा ते बारा बाळ त्याच्या खांद्यावर असेल आणि ती झोपेल. केंद्र सरकारच्या नोकराला बाळंतपणासाठी पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. वसई पूर्वेच्या गाळ्यांत काम करणाऱ्याला ती कोण देणार? निदान ते दोन तास तरी त्याच्याजवळ असतात.

माझ्या दवाखान्यात अलीकडे मी भिंतीवर ब्रेझल्टनचा तो चढउतार मराठीत आणि हिंदीत काढून लावला आहे. आई आली की तिच्या बाळाच्या वयावर बोट ठेवून दाखवते. परवा एक तरुण बाप त्या चित्राचा फोटो काढून घेऊन गेला. पाचव्या आठवड्यातले बाळ होते. जाताना त्याने विचारले, ‘‘म्हणजे अजून एक आठवडा वाढेल?’’ मी हो म्हटले. ‘‘मग पुढल्या आठवड्यात दुपारची पाळी मागून घेतो,’’ म्हणाला, आणि पिशवीतल्या दोन बाटल्या माझ्या टेबलावरच ठेवून गेला.